ठासणीच्या जुन्या रायफलींच्या नळ्या गंजापासून कशा जपाव्यात?

अष्टकोनी (धागाकर्ता)

माझ्याकडे ठासणीच्या दोन रायफली आहेत. पहिली एकोणिसाव्या शतकाच्या मध्याची, टोपीवर (आघाताने पेटणाऱ्या छोट्या स्फोटक टोपीवर) चालणारी आणि अष्टकोनी नळीची आहे. ती उडवायची नसून केवळ जतन करायची आहे. दुसरी त्याच धर्तीवर अलीकडे तयार झालेली प्रतिकृती असून ती नेमबाजीसाठी नियमित वापरली जाते. जुन्या नळीचा रंग बहुतांशी एकसारखा गडद तपकिरी आहे, मात्र लाकडाला टेकणाऱ्या कडेने आणि मागच्या साइटच्या पायथ्याशी नारिंगी भुकटीचे ठिपके दिसतात. आत दिवा सोडून पाहिले असता पेचदार खाचा तोंडापासून बऱ्याच आतपर्यंत स्पष्ट आहेत, पण बुडाशी काळे किटण साचलेले आहे. एमरी कागदाने घासून लख्ख करावे आणि भरपूर तेल चोपडून ठेवावे, असा सल्ला मला मिळाला आहे. तो मानावा का? दोन्ही रायफलींना एकच उपचार चालेल का?

रंजक

इतर काहीही करण्यापूर्वी जुनी नळी रिकामी आहे याची खात्री करावी. तोंडासमोर न उभे राहता लाकडी गज आत सरकवून तो टेकेल तिथे, तोंडाच्या कडेला, खूण करावी आणि मग तोच गज नळीच्या बाहेरून लावून पाहावा. त्याचे टोक निपलच्या, म्हणजे ज्या पोकळ बोंडावर टोपी बसते त्याच्या, खालच्या भागापर्यंत पोहोचले पाहिजे. ते बोटभर किंवा त्याहून अधिक अलीकडे थांबत असेल, तर आत बार ठासलेला आहे असेच समजावे. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षे उलटल्यावरही पेट घेते, त्यामुळे निपलवर टोपी नाही एवढ्यावरून बंदूक रिकामी ठरत नाही. बार असल्याची शंका आली तर नळी तापवणे, भोक पाडणे, गजाने ठोकणे यांपैकी काहीही न करता ती परवानाधारक जाणकाराकडे सोपवावी.

अष्टकोनी

सूचनेबद्दल आभार. तपासणी केली असून गज निपलच्या खालपर्यंत पोहोचतो. नळी रिकामी आहे.

लोहसंवर्धक

एमरी कागद कृपया दूर ठेवावा. त्या काळातील नळ्यांवरचा तपकिरी रंग हा बहुधा कारागिराने मुद्दाम चढवलेला गंजच असतो. नळी तेलविरहित करून तिच्यावर आम्लयुक्त द्रावणाचा पातळ हात दिला जाई, ती दमट हवेत गंजू दिली जाई, वर आलेली सुटी भुकटी तारेच्या ब्रशाने उतरवली जाई आणि हाच क्रम पुन्हा पुन्हा करून घट्ट बसलेला तपकिरी थर मिळवला जाई. तीच नळी प्रत्येक फेरीनंतर उकळत्या पाण्यात बुडवली, तर लाल ऑक्साइडाचे काळ्या मॅग्नेटाइटमध्ये रूपांतर होते आणि निळसर काळा रंग येतो. म्हणजे गंज काढणारा प्रत्येक उपाय, मग तो कागद असो, आम्ल असो वा विजेचा प्रवाह, मूळ कारागिरी आणि नंतरचा गंज यांत भेद करू शकत नाही. तो भेद आपल्यालाच करावा लागतो.

भेद ओळखण्याची ढोबळ रीत अशी आहे. तपकिरी किंवा काळा, गुळगुळीत, बोट फिरवल्यावर काहीही न सुटणारा थर स्थिर असतो आणि त्याला हात लावू नये. नारिंगी किंवा विटकरी, भुसभुशीत, पांढऱ्या कापडावर डाग सोडणारा गंज सक्रिय असतो. गंजाचे आकारमान तो ज्या लोखंडापासून बनतो त्याच्या कित्येक पट असते, त्यामुळे सक्रिय ठिपका वर फुगतो आणि पापुद्र्याखाली खड्डा खोल होत जातो. तुम्ही वर्णन केलेले ठिपके या दुसऱ्या प्रकारचे आहेत. ते जिथे आहेत त्या जागाही बोलक्या आहेत, कारण लाकूड ओल धरून ठेवते आणि साइटच्या फटीत तीच ओल अडकून राहते.

उपचार शक्य तितका सौम्य असावा. ठिपक्यावर हलके खनिज तेल लावून एक-दोन दिवस मुरू द्यावे. नंतर बांबूच्या किंवा हाडाच्या बोथट पट्टीने, अथवा लोखंडापेक्षा मऊ असलेल्या पितळी टोकाने, फक्त सुटा गंज उचलावा. अगदी बारीक पोलादी लोकर, म्हणजे चार शून्यांची, काही लोक वापरतात. मला ती एखाद्या हट्टी ठिपक्यापुरती आणि तेलात भिजवूनच मान्य आहे, कारण कोरड्या लोकरीने तपकिरी थराची चकाकी क्षणात बदलते आणि तो बदल पूर्ववत होत नाही. उठावदार कडा, कारागिराचे शिक्के आणि कोरीव अक्षरे यांच्यावर कोणतेही घर्षण करू नये.

चकमक

थोडी भर घालतो. प्रत्येक नळी तपकिरी किंवा निळी असे हेही खरे नाही. इंग्लंडच्या १८५३ च्या एन्फील्ड रायफलीची नळी निळसर केलेली असे, तर अमेरिकेतील १८६१ च्या स्प्रिंगफील्डची नळी मुद्दाम उघडी, लखलखीत ठेवली जाई आणि ती तशी राखण्याचे काम सैनिकाकडे असे. त्यामुळे एखाद्या स्प्रिंगफील्डवर आज दिसणारा तपकिरी थर कारखान्याचा नसून काळाचा असू शकतो. तरीही तो घासून काढावा असे मी म्हणणार नाही. आधी बंदुकीची ओळख पटवावी, मग निर्णय घ्यावा.

लोहसंवर्धक

मान्य आहे. ओळख पटल्यावरही माझे उत्तर बहुतेक वेळा ‘राहू द्या’ असेच असेल.

सोरा-गंधक

मी प्रतिकृतीबद्दल लिहितो, कारण उडवल्या जाणाऱ्या नळीचा शत्रू वेगळा असतो. काळ्या दारूत साधारणपणे ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक असतो. ती जळल्यावर सगळीच धूर होऊन निघून जात नाही. वजनाने निम्म्याहून अधिक भाग घन क्षारांच्या रूपाने उरतो, आणि त्याचा मोठा वाटा बाराबरोबर बाहेर फेकला गेला तरी काही क्षार नळीत चिकटून राहतात. त्यांत पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट आणि सल्फाइड प्रमुख असतात. यांतले कार्बोनेट हवेतील बाष्प इतक्या हावरेपणाने ओढते की दमट दिवसांत नळीच्या आतील किटण काही तासांतच ओलसर होते. लोखंड, पाणी, क्षार आणि हवा एकत्र आल्यावर पुढे काय होते ते सांगायला नको.

येथे तेल निरुपयोगी ठरते, कारण हे क्षार तेलात विरघळत नाहीत. किटणावर तेल चोपडले तर खालचा ओलावा आणि क्षार झाकले जातात आणि गंज तेलाच्या आड चालू राहतो. शिवाय साधे खनिज तेल आणि दारूचे किटण मिळून डांबरासारखा चिवट लगदा होतो, जो पुढच्या वेळी काढणे अधिक कठीण जाते. क्षार पाण्यात सहज विरघळतात, म्हणून ठासणीच्या बंदुकीची स्वच्छता पाण्यानेच केली पाहिजे. नळी दस्त्यापासून सोडवावी, निपल काढावे, बुडाकडील टोक पाण्याच्या बादलीत ठेवून जॅगवर (गजाच्या टोकाला लावायच्या, चिंधी धरणाऱ्या तुकड्यावर) घट्ट बसणारी ओली चिंधी गजाने वरखाली करावी. निपलच्या भोकातून पाणी आत-बाहेर खेचले जाऊन बुडाचा भाग धुतला जातो. चिंधी पांढरी निघेपर्यंत पाणी बदलत राहावे, नंतर कोरड्या चिंध्या फिरवाव्यात आणि तेल त्यानंतरच लावावे. हे काम बार काढल्याच्या दिवशीच झाले पाहिजे.

टोपीचाही विचार करावा. जुन्या टोप्यांच्या मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट असे आणि ते जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरते; हा क्लोराइड मिठाचाच सख्खा भाऊ आहे. हल्लीच्या बहुतेक टोप्या या दोषापासून मुक्त आहेत. मात्र काळ्या दारूला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या काही दारूंमध्ये पोटॅशियम परक्लोरेट असते आणि तेही जळून क्लोराइडच मागे ठेवते. ‘पर्यायी दारू कमी किटण करते’ या समजुतीवर स्वच्छता उद्यावर ढकलणाऱ्यांच्या नळ्या सर्वांत लवकर खड्डे धरतात.

तपकिरी-नळी

पाणी उकळते असावे की कोमट? मी नेहमी उकळते पाणी वापरतो. नळी इतकी तापते की उरलेला ओलावा आपोआप उडून जातो, आणि नळीचे बूड बंद करणाऱ्या पेचाच्या आट्यांत शिरलेले पाणीही वाफ होऊन निघते. चिंधी आट्यांपर्यंत पोहोचू शकत नाही, म्हणून हा फायदा मला महत्त्वाचा वाटतो.

सोरा-गंधक

मी कोमट पाण्याच्या बाजूचा आहे. क्षार विरघळवायला तेवढे पुरते. उकळत्या पाण्याने नळी एकदम तापून कोरडी पडते तेव्हा तिच्या उघड्या धातूवर तेलाचा अंशही नसतो, आणि अशा गरम, ओलसर, नग्न पृष्ठभागावर काही मिनिटांत गंजाची फिकट नारिंगी झाक येते. लोक मग ती झाक पाहून आपली नळी नीट धुतली गेली नाही असे समजतात आणि पुन्हा उकळते पाणी ओततात.

तपकिरी-नळी

ती झाक मीही पाहिली आहे, परंतु नळी हाताला सोसवेल इतकी गरम असतानाच तेलाची चिंधी फिरवली तर ती टिकत नाही. आट्यांतील पाण्याला कोमट पाण्याच्या पद्धतीत उत्तर काय?

सोरा-गंधक

पाणी हटवणारे तेल. डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली नेमक्या याच कामासाठी तयार झाले आणि त्याच्या नावातच ‘पाणी विस्थापित करणे’ हा अर्थ आहे. ते बुडाकडे फवारून, थोडा वेळ थांबून, नळी उलटी करून निथळू द्यावी. मात्र ते टिकाऊ संरक्षक नव्हे, एवढे लक्षात ठेवावे. ते पुसून काढून वर गंजरोधक तेल किंवा ग्रीस लावावेच लागते. ते एकदा फवारून बंदूक कपाटात वर्षभर ठेवून देणारे पुष्कळ भेटतात.

लोहसंवर्धक

तुम्हां दोघांचा वाद वापरातील बंदुकीपुरता रंगतदार आहे, पण धागाकर्त्यांच्या जुन्या नळीला हे सगळे जसेच्या तसे लागू करू नये. तिच्या बुडाशी असलेल्या काळ्या किटणात शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे क्षार असू शकतात, त्यामुळे तिलाही पाण्याचा उपचार एकदा द्यावा लागेल, हे खरे. तो ऊर्ध्वपातित पाण्याने, फक्त आतून आणि बाहेरचा तपकिरी थर शक्य तितका कोरडा राखून द्यावा. पाणी हटवण्यासाठी मी ॲसिटोन किंवा शुद्ध अल्कोहोलची चिंधी वापरतो. ती वापरताना खोली हवेशीर असावी, जवळ ज्योत नसावी आणि लाकडावर थेंब पडू देऊ नये, कारण दस्त्यावरचे जुने रोगण अल्कोहोलमध्ये विरघळते.

अष्टकोनी

बुडाचा पेच काढून साफसफाई करावी का? आणि फॉस्फरिक आम्ल, टॅनिक आम्ल, धुण्याच्या सोड्याच्या द्रावणातील विद्युतप्रक्रिया हे उपाय बरेच सुचवले जातात. त्यांचे काय?

चकमक

बुडाचा पेच काढू नका. तो अतिशय घट्ट बसवलेला असतो, दीड शतकाच्या गंजाने आटे जखडलेले असतात आणि तो फिरवायला लागणारा जोर अष्टकोनी नळीच्या कडा चेपतो. कारागिराने पेच आणि नळी यांवर एकत्र मारलेली खूण असते. पेच पुन्हा बसवताना ती जुळली नाही की बंदूक उघडली गेली होती हे कोणालाही कळते. त्याऐवजी आतील रचना समजून घ्यावी. टोपीच्या पुष्कळ बंदुकांमध्ये बुडाशी दारूची कोठी नळीच्या मानाने अरुंद असते. नळीच्या मापाचा जॅग या कोठीच्या तोंडाशीच अडतो आणि आतले किटण तसेच राहते. म्हणून लहान मापाचा ब्रश गजाला लावून ती कोठी वेगळी साफ करावी लागते. तुमच्याकडे दिसणारे काळे किटण बहुधा तिथलेच आहे.

निपलबाबत मात्र प्रयत्न करायला हरकत नाही. दोन-तीन दिवस भेदक तेल मुरवून, बरोबर मापाच्या पान्याने, सावकाश. हलत नसेल तर सोडून द्यावे. मोडलेले निपल काढणे गंजापेक्षा मोठे संकट आहे.

लोहसंवर्धक

रसायनांविषयी. फॉस्फरिक आम्ल गंज विरघळवून राखाडी फॉस्फेटचा थर देते, आणि टॅनिक आम्ल गंजाशी संयोग पावून निळसर काळा टॅनेट तयार करते. दोन्ही उपाय नांगर, कुंपण किंवा समुद्रातून काढलेला तोफगोळा यांच्यासाठी उपयुक्त आहेत. तपकिरी नळीवर ते मूळ रंगच बदलून टाकतात. विद्युतप्रक्रियेत खऱ्या धातूला सहसा इजा होत नाही, परंतु तपकिरी थर पूर्णपणे सुटतो आणि खाली राखाडी, निर्जीव पृष्ठभाग उरतो. दुनळी बंदुकांत नळ्यांमधील पट्ट्या मऊ डाखाने जोडलेल्या असतात, म्हणून तेथे तीव्र अल्कलीची गरम द्रावणेही टाळावी लागतात; ती डाखावर हल्ला करतात. ओतीव पोलाद येण्यापूर्वीच्या घडीव लोखंडी नळ्यांमध्ये मळीचे लांबट धागे असतात आणि आम्ल या धाग्यांच्या कडेने आत शिरते. लोखंड आणि पोलाद पिळून घडवलेल्या नळ्यांवरची नक्षी तर दोन धातूंच्या असमान कोरण्यावरच उभी असते. एवढे धोके पत्करून मिळणार काय, तर काही ठिपके कमी. ते तेल आणि पट्टीनेही कमी होतात.

मेणबत्तीवाला

आतापर्यंत मेणाचा उल्लेख झाला नाही, म्हणून लिहितो. न उडवल्या जाणाऱ्या नळीच्या बाहेरच्या बाजूसाठी तेलापेक्षा सूक्ष्मस्फटिकी मेण चांगले. तेल वाहते, धूळ धरते, हाताने पुसले जाते आणि लाकडात झिरपते. मेणाचा कोरडा पातळ पापुद्रा जागच्या जागी राहतो आणि बोटांच्या घामातील क्षार धातूपर्यंत पोहोचू देत नाही. संग्रहालयांत प्रचलित असलेले रेनेसान्स मेण १९५० च्या दशकात ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत अशाच कामासाठी विकसित झाले. नळी आधी व्हाइट स्पिरिटने (रंग पातळ करायच्या खनिज द्रावकाने) पुसून तेल काढावे, शक्य असल्यास तिला किंचित कोमट करावे, मेण अगदी कमी घ्यावे, काही मिनिटांनी मऊ सुती कापडाने चमक येईपर्यंत पुसावे आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक हात द्यावा. नको झाले तर तेच व्हाइट स्पिरिट ते पूर्णपणे काढते. जवसाच्या तेलाचे असे नाही. ते हवेने कडक आणि पिवळट होते आणि काढताना खालचा थर घेऊन येते.

नळीच्या आत आणि लाकडाखाली झाकल्या जाणाऱ्या बाजूवर मेणापेक्षा गंजरोधक ग्रीसचा पातळ थर सोयीचा. ही खालची बाजू बहुतेक जण वर्षानुवर्षे पाहतच नाहीत. नळी काढताना तिला लाकडाशी धरून ठेवणाऱ्या खिट्ट्या कोणत्या बाजूने आत जातात हे आधी पाहून ठेवावे, त्या उलट बाजूने ठोकल्या की लाकडाचे ढलपे निघतात.

सोरा-गंधक

वापरातील प्रतिकृतीत ग्रीस ठेवल्यास पुढच्या वेळी बार भरण्यापूर्वी ते संपूर्ण काढावे लागते, नाहीतर दारू भिजते आणि टोपी वाजूनही बार उडत नाही. मी तेथे बॅलिस्टॉल वापरतो. जर्मनीत १९०० च्या दशकात सैन्यासाठी तयार झालेले हे तेल पाण्यात मिसळून दुधी द्रावण देते, त्यामुळे क्षार धुणे आणि तेलाचा थर सोडणे ही दोन्ही कामे काही प्रमाणात साधतात. पाणी उडून गेल्यावर तेल मागे राहते. तरीही दीर्घ साठवणीपूर्वी निव्वळ तेलाचा एक हात हवाच.

आणखी एक गोष्ट. तेल लावलेली बंदूक तोंड वर करून उभी ठेवली की तेल हळूहळू बुडाकडे उतरते, निपलमधून किंवा चापाच्या यंत्रणेतून लाकडात शिरते आणि तेथील लाकूड काळे पडून मऊ होते. म्हणून ती तोंड खाली करून, खाली शोषक कापड ठेवून उभी करावी, किंवा आडवी ठेवावी.

रंजक

तोंडात कापडाचा बोळा कोंबून ठेवणाऱ्यांनाही कोणीतरी थांबवा. बोळा ओल शोषतो आणि ती नेमकी तोंडाच्या कडेला, म्हणजे गोळीची दिशा ठरवणाऱ्या जागी, धरून ठेवतो.

लोहसंवर्धक

साठवणीच्या जागेविषयी लिहिले नाही तर वरचे सगळे व्यर्थ जाईल. स्वच्छ लोखंडाचा गंज सुमारे ६० ते ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या वर झपाट्याने वाढतो. पृष्ठभागावर क्लोराइड असेल तर ही मर्यादा बरीच खाली येते. दस्त्याचे लाकूडही विचारात घ्यावे लागते, कारण अति कोरड्या हवेत ते आकसते आणि नळीलगत तडकते. निव्वळ लोखंड असते तर मी जितकी कोरडी तितकी बरी असे म्हटले असते. लाकडासह असलेल्या रायफलीसाठी ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपासची आणि मुख्य म्हणजे फारसे हेलकावे न खाणारी आर्द्रता हा व्यवहार्य मध्य आहे. एक साधा आर्द्रतामापक कपाटात ठेवावा. सिलिका जेल उपयोगी आहे, पण ते भरले की काम थांबवते; ठरावीक काळाने ते भट्टीत तापवून पुन्हा कोरडे करावे लागते, आणि बंद न होणाऱ्या कपाटात त्याचा काहीही उपयोग नाही.

ओकच्या लाकडाची पेटी आणि चामड्याची म्यान दिसायला शोभिवंत असतात, परंतु ओकमधून सेंद्रिय आम्लांची वाफ सुटत राहते आणि चामडे ओलावा व क्षार दोन्ही धरते. स्पंजाच्या अस्तराचे आधुनिक खोके वाहतुकीपुरतेच चांगले. थंड जागेतून गरम खोलीत आणलेली बंदूक लगेच पेटीतून काढू नये. थंड नळीवर दव धरते. पेटीसह ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घालावेत, सुती मोज्यांतून घाम पार होतो.

अष्टकोनी

ठिपके तेल आणि बांबूच्या पट्टीने काढायला सुरुवात केली आहे. भुकटी सुटते आहे आणि खाली उथळ, काळसर खड्डे दिसत आहेत. ते खड्डे भरावेत किंवा रंगवावेत का? आणि गंज खरोखर थांबला हे कसे समजायचे?

लोहसंवर्धक

भरू नयेत, रंगवू नयेत. काळसर तळ हे चांगले लक्षण आहे. खड्डे व्हाइट स्पिरिटने धुऊन, वाळवून, त्यांत मऊ ब्रशाने मेण बसवावे. त्यापूर्वी त्यांचे जवळून, एकाच दिशेच्या प्रकाशात छायाचित्र घ्यावे आणि तारीख नोंदवावी. पहिले काही महिने दर महिन्याला त्याच जागी पांढरे कापड हलकेच फिरवून छायाचित्राशी ताडून पाहावे. कापड स्वच्छ राहिले आणि कडा सरकल्या नाहीत तर तपासणी वर्षातून दोनदा पुरे. नारिंगी कण किंवा पिवळसर ओले थेंब पुन्हा दिसले, तर त्या खड्ड्यात क्लोराइड शिल्लक आहे असे समजावे. तेथे मेण काढून ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवलेल्या कापसाने तेवढीच जागा वारंवार टिपावी, अल्कोहोलने वाळवावी आणि नव्याने मेण द्यावे. दोनदा असे करूनही ठिपका परतला, तर नळी धातुसंवर्धकाकडे न्यावी, कारण खोलवरचा क्लोराइड काढण्यासाठी लागणारी अल्कलीची दीर्घ स्नाने तपकिरी थर सांभाळून घरी देता येत नाहीत.

अष्टकोनी

छायाचित्रे आजच घेतो. प्रतिकृतीसाठी कोमट पाणी की उकळते, हा निर्णय मात्र अजून झालेला नाही.

तपकिरी-नळी

उकळते.

सोरा-गंधक

कोमट. पण ज्या दिवशी बार काढला त्याच दिवशी, याबाबत आमच्यात मतभेद नाहीत.